हिमनदीचा ओढा नितळ होतोय. त्यात राहणाऱ्यांचं काय?

पाणकिडा:

हिमनद्या वितळताहेत हे आता शाळकरी पोरंही सांगतात. चर्चा मात्र दोनच ठिकाणी जाऊन थांबते: समुद्र किती वर येणार आणि गंगा आटणार का. मधलं एक प्रकरण कुणाच्या बोलण्यात येत नाही. हिमनदीच्या तोंडातून ओढा निघतो, त्याच्या पहिल्या दोन-चार किलोमीटरांत कोण राहतं, आणि बर्फ मागे सरकला की त्यांचं काय होतं? पाण्यातले किडे हा माझा जुना नाद (आयडीवरून कळलंच असेल), पोटापाण्याचा धंदा वेगळा. जे वाचलंय, थोडंफार पाहिलंय ते मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

हिमाचलातला हामटा पासचा ट्रेक केलेल्यांना शिया गोरूचा ओढा आठवत असेल. गाइड भल्या पहाटे तंबू हलवून उठवतो, कारण सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी मांडीला लागतं. ऊन चढेल तसा वर बर्फ वितळतो, ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, रात्री पुन्हा ओसरतं. अख्खा उन्हाळा रोज हेच. भर जुलैतही उगमाजवळ पाण्याचं तापमान एक-दोन अंशांच्या वर फारसं जात नाही. रंग राखाडी-दुधाळ, कारण हिमनदी सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळते आणि ते पीठ इतकं बारीक की वाहत्या पाण्यात तळाला बसतच नाही. ऊन तळापर्यंत पोचत नाही, शेवाळ धरत नाही, वर तळाचे गोटे रोज दुपारी जागा बदलतात. इथे कुणी बिऱ्हाड करेल असं वाटत नाही.

पण करतात. डायमेसा नावाची एक माशी आहे, दिसायला डासासारखी, चावत मात्र नाही. तिची अळी जास्तीत जास्त सेंटीमीटरभर. शेपटीच्या टोकाला दोन आखूड पाय, त्यांना बारीक आकड्यांचा झुपका. त्या आकड्यांनी ती दगडाला घट्ट धरून बसते आणि पाण्याचा लोंढा डोक्यावरून जाऊ देते. मिल्नर आणि पेट्स या दोघांनी १९९४ साली हिमनदीच्या ओढ्यांसाठी एक ठोकताळा मांडला, तो आजही वापरतात. पाणी कधीच २ अंशांच्या वर जात नसेल तर जवळजवळ एकट्या डायमेसाचं राज्य. ४ अंश ओलांडले की मेफ्लाय, स्टोनफ्लाय, ब्लॅकफ्लाय यांची पिल्लं दिसू लागतात. म्हणजे उगमापासून खाली चालत गेलं की दर काही शे मीटरांवर वस्ती बदलते.

हिमालयातलं उदाहरण तर अफलातून आहे. नेपाळात लांगटांग खोऱ्यात याला नावाची हिमनदी आहे. शिरो कोशिमा या जपानी संशोधकाने १९८४ साली तिथल्या एका डायमेसाबद्दल ‘नेचर’मध्ये लिहिलं. ही माशी उडतच नाही. पंख खुरटलेले, बर्फावर आणि बर्फातल्या भेगांत चालत फिरते, आणि उणे १६ अंशांतही हालचाल करताना तिची नोंद झाली. अळ्या बर्फाच्या पृष्ठाखालून वाहणाऱ्या पाण्यात वाढतात, तिथलंच सूक्ष्म शेवाळ आणि जीवाणू खातात. आख्खा जन्म हिमनदीवर! आता याच याला हिमनदीचं क्षेत्र १९७० च्या दशकापासून सुमारे ६६ टक्क्यांनी घटलंय आणि ती ७८४ मीटर मागे सरकलीय. मे २०२५ मध्ये तिथे जमून लोकांनी तिला रीतसर निरोप दिला, स्मृतिफलक लावला. बातम्यांत हिमनदी होती. माशीचा उल्लेख मला तरी कुठे दिसला नाही.

बर्फ कमी होतो तेव्हा ओढ्यात काय घडतं, ते साधारण असं. सुरुवातीला पाणी वाढतं, कारण जास्त वितळतंय. काही दशकांनी कळस गाठला जातो आणि मग उतरण. पाणी कमी, म्हणून लवकर तापतं. गाळ कमी, म्हणून नितळ. दुपारचे लोंढे थंडावतात, गोटे जागेवर राहतात, दगडांवर शेवाळ धरतं. खालच्या अंगाला राहणारे किडे एकेक करत वर सरकतात. ओढ्यात मोजणी केली तर जाती वाढलेल्या दिसतात. आणि इथेच लोक फसतात. याकोबसेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक्वाडोरचे अँडीज, आल्प्स आणि अलास्का इथल्या नोंदी एकत्र करून दाखवलं की पाणलोटातलं हिमाच्छादन ३० ते ५० टक्क्यांच्या खाली गेलं की खास हिमनदीवाल्या जाती गळायला लागतात, आणि बर्फ पूर्ण गेला तर त्या त्या प्रदेशातल्या ११ ते ३८ टक्के जाती जाऊ शकतात. एका ओढ्यात जाती वाढतात आणि पूर्ण पर्वतरांगेचा हिशेब केला तर घटतात. दोन्ही एकाच वेळी खरं.

इथे ट्रेकर बरेच आहेत. कुणी काय पाहिलंय, लिहा.

सह्यवेडा:

झकास विषय! शिया गोरूत बूट काढून उतरलो होतो, पलीकडे गेल्यावर पायाची बोटं कुणाची आहेत ते तपासावं लागलं. एक शंका. त्याच खोऱ्यात शंभर पावलांवर दुसरा ओढा एकदम काचेसारखा नितळ होता आणि त्यातल्या दगडांवर तपकिरी बुळबुळीत काहीतरी होतं. पाय ठेवला की सटकन. दोन्ही एकाच डोंगरातून येतात ना?

खडकफोड्या:

वाचतोय. दुपारी सविस्तर लिहितो.

पाणकिडा:

सह्यवेडा, डोंगर एक, पाण्याचा उगम वेगळा. वरच्या ओढ्यांचे ढोबळ तीन प्रकार. हिमनदीचा: दुधाळ, थंडगार, दुपारी चढणारा. साठलेल्या हिमाचा: वसंतात भरून वाहतो, मग रोडावतो, गाळ कमी. आणि झऱ्याचा: वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचा, नितळ, तळ स्थिर. सर्वांत जास्त जाती झऱ्याच्या ओढ्यात, सर्वांत कमी हिमनदीच्या. मात्र हिमनदीवाल्यातले रहिवासी बाकीच्या दोघांत सापडतीलच असं नाही. तीन प्रकारचे ओढे शेजारीशेजारी असतात म्हणून वरच्या खोऱ्यात एवढी विविधता. हिमनदी गेली की तीनाचे दोन होतात.

ते तपकिरी बुळबुळीत म्हणजे बहुतेक हायड्रुरस हे शेवाळ. गार, वाहत्या, नितळ पाण्यात दगडांना चिकटून त्याच्या झिपऱ्या लोंबतात. पुढच्या वेळी चिमूटभर बोटांत चोळून वास घ्या, कुजक्या मासळीसारखा येतो. हिमनदीच्या ओढ्यातही ते येतं, पण पाणी निवळतं त्या थोड्या दिवसांत, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर आणि वसंतात. तेवढ्यात किडे खाऊन घेतात. त्यांची सुगी ती.

शंकासुर:

लेख माहितीपूर्ण, पण थोडं थंड डोक्याने घ्या. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपणार असं छापलं होतं. २०१० साली त्यांनाच ते मागे घ्यावं लागलं. काराकोरममध्ये तर हिमनद्या वाढल्याच्याही बातम्या आहेत. आणि समजा आटल्या. तुम्हीच लिहिताय की ओढ्यात जास्त जाती येतात. एक न चावणारा डास गेला आणि दहा नवे किडे आले, तर रडायचं कशासाठी?

टिवल्याबावल्या:

चावणारे डास आधी घालवा, मग न चावणाऱ्यांचं बघू. आमच्या सोसायटीच्या टाकीत या सर्वेक्षणाला.

खडकफोड्या:

शंकासुर, तुमची २०३५ ची गोष्ट खरी आहे. एका संस्थेच्या अहवालातलं न तपासलेलं वाक्य तसंच उचललं गेलं. आमच्या खात्यातल्या लोकांनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. इतका जाड बर्फ तीस वर्षांत जात नसतो. पण त्या वाक्यावर दगड मारून मोजणी खोटी ठरत नाही. गंगोत्री हिमनदीचं मुख, म्हणजे गोमुख, १९३५ पासून दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलंय, हे जागेवर जाऊन केलेल्या नोंदींवरून सांगतोय. इसिमोड या काठमांडूच्या पर्वत-अभ्यास संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयात २०११ ते २०२० या दशकात बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने घटला. काराकोरमचा अपवादही खरा, तिथे कित्येक वर्षं जमाखर्च जुळत होता. अलीकडच्या मोजणीत तिथेही किंचित तूट दिसते.

बाकी, गोमुख किती मागे गेलं याला लोक फार महत्त्व देतात, कारण फोटो काढता येतो. ओढ्याच्या दृष्टीने खोऱ्याचा किती भाग बर्फाखाली उरलाय ते महत्त्वाचं. गंगोत्री तीसेक किलोमीटर लांब आहे, तिच्या पाण्याचा स्वभाव एवढ्यात बदलणार नाही. बदलतोय तो एक-दोन चौरस किलोमीटरच्या लहान लहान हिमनद्यांच्या ओढ्यांचा. त्यांना नावंसुद्धा नाहीत.

आणखी एक गोष्ट पाणकिडा यांनी घेतली नाही, ती म्हणजे तळी. हिमनदी मागे सरकताना पुढ्यात खड्डा सोडते, त्यात पाणी साठतं. लाहौलात घेपांग गाथ हिमनदीच्या तोंडाशी असलेलं तळं वर्षानुवर्षं वाढतंय. तळ्यात गाळ खाली बसतो, उन्हाने पाणी थोडं तापतं, आणि तळ्यातून बाहेर पडणारा ओढा उगमापासूनच जरा कोमट आणि नितळ निघतो. म्हणजे बर्फ संपायच्या आधीच ओढ्याचा स्वभाव पालटतो. आणि तळं फुटलं तर? सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, माणसं गेली. तिथे किड्यांचा विचार करायला कुणाला सवड असणार, पण तीस्तेचा तळ मैलोन्‌मैल खरवडून निघाला हेही झालंच.

पाणकिडा:

खडकफोड्या काका, तळ्यांचा मुद्दा एक नंबर.

शंकासुर, ‘दहा नवे आले’ याबद्दल. ते दहा नवे नाहीत. ते खालच्या प्रत्येक ओढ्यात आधीपासून आहेत, फक्त वर आले. गेलेला मात्र दुसरीकडे कुठे नव्हता. शिवाय एका शिखरावरची हिमनदी आणि शेजारच्या शिखरावरची, यांच्यामध्ये या माश्यांसाठी समुद्रच असतो, त्यातल्या कित्येक धड उडत नाहीत. म्हणून दर खोऱ्यात थोडी वेगळी प्रजा तयार होते, जातीच्या आतही जनुकांचा फरक पडतो. सगळे ओढे नितळ आणि सारखे झाले की हा फरक पुसला जातो. जातींच्या यादीत तो दिसतही नाही.

रडा असं मी म्हणत नाहीये. मोजा म्हणतोय.

मेघना_झ्युरिक:

इथे आल्प्समध्ये हे डोळ्यांसमोर चाललंय. स्विस हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून १० टक्के बर्फ गमावला. र्‍होन हिमनदीच्या गुहेवर उन्हाळ्यात पांढरी कापडं घालतात, लांबून वाळत घातलेली धुणी वाटतात. पिझोल हिमनदीला २०१९ मध्ये काळे कपडे घालून निरोपाचा कार्यक्रम झाला होता.

२०२३ मध्ये आल्प्सच्या ओढ्यांवर मोठा अभ्यास आला. २१०० पर्यंत कुठला ओढा हिमनदीचा राहील आणि कुठला किडा कुठे टिकेल याचा नकाशाच केला त्यांनी. पाणकिडा यांच्या लाडक्या कुळातली डायमेसा श्टाइनबेकी त्यात अगदी काठावर आहे. मला चटका लावणारा भाग वेगळा होता. थंड पाण्याचे जे शेवटचे आसरे उरतील, त्यातले बरेच संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर पडतात. आणि नेमक्या त्याच उंच खोऱ्यांवर जलविद्युत आणि स्कीइंगवाल्यांची नजर आहे. हिमनदी गेली, खड्डा मोकळा झाला, धरणाला जागा छान! इथे वीज हिरवी की ओढा हिरवा, यावर जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात. माझा नवरा धरणवाला, मी ओढेवाली.

लोझानच्या पॉलिटेक्निकमधल्या टॉम बॅटिन यांच्या गटाने तर याहून बारीक जीव धरले. जगभर फिरून दीडशेपेक्षा जास्त हिमनदी-ओढ्यांतले जीवाणू गोळा केले, अगदी नेपाळ, युगांडा, न्यूझीलंडपर्यंत. पाठीवर द्रवरूप नायट्रोजनची टाकी घेऊन! त्यातले बरेच जीवाणू एकाच पर्वतरांगेपुरते निघाले. आणि पाणी निवळतंय तसे ओढे ‘हिरवे’ होताहेत, दगडावर शेवाळाचा थर वाढतोय, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं.

रॉकीजवासी:

मी मॉन्टानात ग्लेशियर नॅशनल पार्कपासून गाडीने काही तासांवर राहतो. पाहुणे आले की तिकडे नेणं ओघाने आलंच. १८५० च्या सुमारास तिथे सुमारे १५० हिमनद्या होत्या. २०१५ च्या मोजणीत २६ उरल्या, तीही ०.१ चौ. किमीपेक्षा मोठ्या त्याच हिमनद्या म्हणायच्या या हिशेबाने.

इथली प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे लेडनिया टुमाना, एक स्टोनफ्लाय. बोटाच्या नखावर मावते. हिमनदी, हिमाचे साठे किंवा थंड झऱ्यांच्या लगेच खालचा ओढ्याचा तुकडा एवढंच तिचं गाव. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिला आणि झपाडा ग्लेशियर या दुसऱ्या स्टोनफ्लायला अमेरिकी सरकारने धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण दिलं. तापमानवाढीपायी एखाद्या किड्याला कायद्याचं कवच मिळण्याची उदाहरणं फार नाहीत.

पण गोष्ट एवढी सरळ नाही. २०२० मध्ये याच उद्यानातल्या ओढ्यांवर एक लेख आला. ज्या खोऱ्यांतून हिमनद्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच गेल्या, तिथेही लेडनिया आणि तिचे सोबती सापडले. हिमाचे साठे, झरे, दगडांच्या ढिगाऱ्याखाली गाडलेला बर्फ यांच्या पाण्यावर ते तगून आहेत. प्रयोगशाळेतही त्यांच्या अळ्यांनी ओढ्यातल्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम पाणी थोडा वेळ सहन केलं. म्हणजे हिमनदी गेली की दुसऱ्या दिवशी सगळं खलास, असं नाही.

शंकासुर:

बघा. मी म्हणत होतो ना.

रॉकीजवासी:

नाही हो, तसंही नाही. तिथेच पुढे लिहिलंय की हे आसरेही हिमावर अवलंबून आहेत आणि हिमवर्षाव बदलतोय. गाडलेला बर्फ सावकाश वितळतो, पण वितळतो. मुदत वाढलीय असं म्हणा.

पाणकिडा:

रॉकीजवासी, हे इथे येणं फार गरजेचं होतं, धन्यवाद. गरम पाणी सहन होतं तर मग ते खाली राहायला का जात नाहीत, हा पुढचा प्रश्न. एक उत्तर असं की त्यांना मारतं ते नुसतं तापमान नव्हे, शेजार. थंडी, गाळ, लोंढे यांमुळे वरती शिकारी आणि स्पर्धक येत नव्हते. ओढा सुसह्य झाला की सगळेच येतात, आणि सावकाश वाढणारा, कमी खाणारा हा किडा त्या गर्दीत मागे पडतो.

हिमालयात दगडधोंड्यांखाली झाकलेला बर्फ भरपूर आहे. त्याखालच्या पाण्यात कोण राहतं याच्या नोंदी फार तुरळक. तिथे पाहायला हवं.

डॉ_नाडी:

वैद्यकीय सवयीने ऑक्सिजन आठवला. थंड पाण्यात तो जास्त विरघळतो, बरोबर? मग किडे वर सरकले तर फायदाच व्हायला हवा.

पाणकिडा:

अर्धं बरोबर. समुद्रसपाटीला ० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, २० अंशांना ९ च्या आसपास. पण ४००० मीटरवर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या थोडा वर. म्हणजे तिथलं बर्फगार पाणीही ९ च्याच घरात. आता ते पाणी तापलं तर दोन्ही बाजूंनी मार: विरघळलेला ऑक्सिजन घटतो आणि किड्याची गरज वाढते, कारण थंड रक्ताच्या प्राण्याचा चयापचय तापमानाबरोबर चढतो. गारव्यासाठी वर पळालं तर दाब आणखी कमी. लेह-लडाखला गेल्यावर पहिल्या दिवशी आपली जी गत होते, ती यांची कायमची.

मासेखाऊ:

इतका वेळ कुणी माशांवर आलं नाही म्हणजे कमाल आहे.

हिमालयी ओढ्यांतला मूळ मासा म्हणजे स्नो ट्राउट. नाव ट्राउट, कूळ आपल्या रोहू-कटल्याचं. उत्तराखंडात असेला, नेपाळात असला. याचं तोंड बघण्यासारखं असतं: खालच्या अंगाला, खालचा ओठ कडक, कडा धारदार. दगडावरचं शेवाळ तो अक्षरशः खरवडून खातो. दगडावर त्याच्या ओठांचे चंद्रकोरी ओरखडे दिसतात, उत्तरकाशीकडे एका गावकऱ्याने मला ते दाखवले होते. तोपर्यंत मला ते दगडाचंच नक्षीकाम वाटायचं. अंडी घालायला हा गढूळ मुख्य नदी सोडून बाजूच्या नितळ, खडी असलेल्या ओढ्यांत शिरतो. गाळ बसला तर अंडी गुदमरतात.

मग पाणी निवळलं तर त्याची चैन नाही का? इथे दुसरा गडी येतो, ब्राउन ट्राउट. इंग्रजांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गळाच्या हौसेसाठी काश्मीर, कुलू इथे सोडला, गढवालातही तेव्हाच आला. दोडीतालला लोक हौसेने बघतात तो हाच. तो शिकारी, किडे आणि लहान मासे दोन्ही खातो. पाणी तापेल तसा असेल्याला वर सरकावं लागणार, आणि वर नितळ गार पाण्यात हा युरोपियन पाहुणा आधीच पाट मांडून बसलेला. त्याच्याही वर गेलं की प्रवाह इतका उतरता की मासा चढत नाही. शिवाय मधे धरणं. देहरादूनच्या वन्यजीव संस्थेतल्या मंडळींनी असेल्याच्या अधिवासाचं भाकीत केलंय, त्यात येत्या काही दशकांत जागा आक्रसतच जाते. जागतिक लाल यादीत तो आधीच ‘असुरक्षित’ गटात आहे.

कुलूतला तळलेला ट्राउट मीही खाल्लाय, चवीबद्दल तक्रार नाही.

सह्यवेडा:

मासेखाऊ, ओरखड्यांचं ऐकून थक्क. फोटो आहे का?

मासेखाऊ:

आहे, पण फोनमध्ये शोधावा लागेल. जेवणांच्या फोटोंखाली गाडला गेलाय.

पक्षीणबाई:

किड्यांवर जगणारे पक्षी राहिले. ब्राउन डिपर तर गोठवणाऱ्या ओढ्यात डोकं खाली घालून सरळ तळावर चालतो आणि दगडांखालच्या अळ्या वेचतो. मुन्स्यारीला कडाक्याच्या थंडीत हे पाहिलंय, काठावर उभं राहून माझेच दात वाजत होते. शेजारच्या खडकावर शेपटी हलवत प्लम्बियस वॉटर रेडस्टार्ट. या दोघांना नितळ, किडेदार पाणी मानवतं, तेव्हा पाणी निवळण्याच्या काळात त्यांचं बरं चालेल असा माझा अंदाज. ओढाच उन्हाळ्याअखेर कोरडा पडायला लागला तर प्रश्न.

खडकफोड्या:

कोरडं पडण्याचा प्रश्न सगळीकडे सारखा नाही. गढवाल, कुमाऊँ, नेपाळला पावसाळा आहे. तिथे खालच्या नद्यांत पावसाच्या पाण्याचा वाटा मोठा, गंगा हिमनदीअभावी आटायची नाही. लडाख, स्पिती, झंस्कर ही पर्जन्यछायेतली थंड वाळवंटं. तिथे ऑगस्ट-सप्टेंबरचा ओढा म्हणजे जवळजवळ निव्वळ वरचा बर्फ. तो संपला की ओढ्याचं नितळ-दुधाळ काही राहत नाही, गोटेच उरतात. तिथले शेतकरी आणि डायमेसा एकाच नळावर पाणी भरतात म्हणा ना. चेवांग नोर्फेल यांचे कृत्रिम हिमबंधारे किंवा सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप हे वसंतातल्या पेरणीसाठी उत्तम, मी पाहिलेत. ओढ्यातल्या जीवांसाठी त्यांचा उपयोग शून्य, उलट हिवाळ्यातलं थोडकं पाणी त्यासाठी वळवलं जातं. शेतकऱ्याने ते करू नये असं कोण म्हणेल? मी नाही म्हणणार.

गोंयकार:

आमच्या वास्कोतली ध्रुवीय संशोधनवाली संस्था अंटार्क्टिकापुरती आहे असं पुष्कळांना वाटतं. तिनेच २०१६ मध्ये स्पितीत सुत्री ढाका हिमनदीपाशी ‘हिमांश’ नावाचं केंद्र उभारलं, साडेतेरा हजार फुटांवर. चंद्रा खोऱ्यातल्या बऱ्याच हिमनद्यांची मोजणी तिथून होते: बर्फ किती घटला, पाणी किती वाहिलं. समुद्रकाठचे लोक जाऊन बर्फ मोजतात याचा आम्हाला भारी अभिमान. पाण्याच्या मोजणीबरोबर किड्यांचीही झाली तर काय बहार येईल.

पाणकिडा:

गोंयकार, माझ्या मनातलं बोललात. बर्फ, प्रवाह, गाळ यांच्या नोंदी आपल्याकडे आता बऱ्यापैकी आहेत. छोटा शिग्री हिमनदीच्या तर २००२ पासून सलग. त्याच ओढ्यात वर्षानुवर्षं त्याच जागी जाळी लावून किडे मोजले गेले असते तर आज काय बदललं ते सांगता आलं असतं. उपग्रहाला बर्फ दिसतो, अळी दिसत नाही. त्यासाठी माणसाने गार पाण्यात हात घालावाच लागतो.

सह्यवेडा:

सप्टेंबरात झंस्करला चाललोय, द्रांग-द्रुंग हिमनदीच्या बाजूला. हात घालायची तयारी आहे. काय टिपून आणू?

पाणकिडा:

वा! सप्टेंबरअखेर उत्तम. पाणी उतरलेलं असतं, निवळलेलं असतं. आणि सकाळीच करा, दुपारी ओढ्यात उतरू नका, हे सांगायची गरज नसावी.

काठाजवळचा नारळाएवढा गोटा निवडा. त्याच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या दिशेने, चहाची बारीक गाळणी धरा आणि मग गोटा उचला, म्हणजे सुटलेले किडे गाळणीत येतील. गोट्याची खालची बाजू बघा. चपटा, सहा पायांचा, दोन शेपट्यांचा असेल तर स्टोनफ्लाय. तीन शेपट्या आणि पोटाच्या कडेला हलणारे कल्ले असतील तर बहुतेक मेफ्लाय, काहींना दोनच शेपट्या असतात म्हणून कल्ले बघायचे. बारीक खड्यांचं घर करून त्यात बसलेला कॅडिसफ्लाय. पाय नसल्यागत दिसणारी, आकडी घालून चालणारी अळी सापडली तर ती डायमेसाच्या गोतावळ्यातली. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. सोबत हिमनदीच्या मुखापासून अंदाजे अंतर, वेळ, पाण्याचा रंग, तापमान. मग किडे पाण्यात आणि गोटा होता तसाच पालथा परत. बरोबर काही आणू नका. राष्ट्रीय उद्यानात असाल तर परवान्याच्या अटी आधी वाचा. गोमुखाला तर दिवसाला किती माणसं जाणार याचीही मर्यादा आहे.

मुखापाशी एक गोटा, अर्ध्या किलोमीटरवर एक, दोन किलोमीटरवर एक, एवढं केलंत तरी वस्ती बदलताना दिसेल.

शंकासुर:

मी ऑक्टोबरात गोमुखाला जातोय. मला वाद घालायला आकडे लागतील, तेव्हा मीही टिपतो. थर्मामीटर कुठला घ्यावा?

पाणकिडा:

स्वयंपाकाचा टोचणीवाला डिजिटल चालेल. फक्त निघण्याआधी घरी बर्फ आणि पाण्याच्या पेल्यात पाच मिनिटं बुडवून शून्य दाखवतो का बघा. स्वस्तातले कधीकधी दोन-दोन अंश इकडेतिकडे असतात, आणि इथे सगळा खेळच दोन आणि चार अंशांचा आहे.

शंकासुर:

माझा दीड दाखवतोय. वजा करून लिहीन.